विकायला घेतलेलं घर

घर बघायला आलेला माणूस दारात चपला काढतो की नाही, हे मी आधी बघायची. काढल्या, तर त्याच्या मनात खरंच घर घ्यायचं असतं. तशाच पायात ठेवून जो आत फिरतो आणि भिंतीवर टिचक्या मारतो, तो एक तर रविवारचा वेळ घालवायला आलेला असतो, नाही तर त्याने स्वतःचं घर विकायला काढलेलं असतं आणि दुसऱ्याचा भाव काढायला तो फिरत असतो. दोघांनाही मी हसून घर दाखवायची. फक्त दुसऱ्याला गच्ची दाखवत नव्हते, कारण गच्चीचा जिना चढायचे पैसे कुणी देत नाही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी तीसेक वर्षं घरं दाखवली. सुरुवात काही ठरवून झाली नाही. आमचं वह्या-पेनांचं दुकान होतं आणि दुकानात येणारी माणसं वहीबरोबर खोलीही विचारायची. 'वैनी, हिकडं कुठं दोन खोल्या मिळतील काय?' आमचे मिस्टर गल्ल्यावर बसायचे आणि मी एका वहीत लिहून ठेवायची, अमक्याची खोली रिकामी आहे, तमक्याला पाहिजे आहे. पहिलं भाड्याचं घर फुकट जमवून दिलं. दुसऱ्या वेळी घरमालकिणीने साडी नेसवली. तिसऱ्या वेळी मी स्वतःहून दलाली मागितली आणि मागताना लाजले. चौथ्या वेळेपासून लाजले नाही. 'दलाल' हा शब्द बाईमाणसाला लावणं लोकांना जड जातं, म्हणून सगळे मला 'घरवाल्या बाई' म्हणू लागले. आता गुडघे जिने चढू देत नाहीत म्हणून काम बंद केलंय, तरी फोन येतच राहतात.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय मोठं? किल्ली लावायची आणि दार उघडायचं. पण घर दाखवायचंही एक तंत्र असतं. घर सकाळी दहाच्या सुमाराला दाखवावं. आत ऊन असतं, टाकीत पाणी असतं. जेवणानंतर दाखवू नये. पोट भरलेल्या माणसाला सगळंच बरं दिसतं आणि रात्री घरी जाऊन तो मन बदलतो. बोलत पुरुषाशी राहायचं, पण लक्ष बाईकडे ठेवायचं. पुरुष चौरस फूट विचारतो, रस्ता किती फुटी ते विचारतो, गाडी कुठे लावायची ते विचारतो. बाई काहीच विचारत नाही. ती स्वयंपाकघरात जाते, ओट्यापाशी उभी राहते आणि त्यावर हात टेकवून बघते. हात टेकला की व्यवहार अर्धा झाला. त्या वेळी एजंटने तोंड उघडायचं नाही. हे शिकायला मला पाच वर्षं लागली, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

आणि मग जाता जाता, चपला घालता घालता, एक प्रश्न येतोच. 'का विकताय?'

कोल्हापूरचं गिऱ्हाईक हे विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. घरात कुणी अवघड मरण मेलंय का, भावाभावांत कज्जा आहे का, पाण्याची बोंब आहे का, शेजारी खाष्ट आहे का, हे सगळं त्या दोन शब्दांत आलेलं असतं. म्हणून विकणाऱ्याला मी आधी बसवून त्याच्याकडून उत्तर घोटून घ्यायची. खोटं नाही हं, खऱ्यातलंच निवडून. 'मुलगा पुण्याला बोलावतोय', 'जिना चढवत नाही', 'थोरल्या लेकीजवळ घेतलंय'. एका गृहस्थांनी मी शिकवलेलं सोडून मनचं सांगितलं, 'बायकोचं आणि शेजारणीचं पटत न्हाय.' ती शेजारीण तेव्हा समोरच्या खिडकीत गहू निवडत बसली होती. ते घर पुढे दोन वर्षं कुणी घेतलं नाही.

अलीकडची काही वर्षं तर कुठलंच घर पटकन जात नाही. गल्लोगल्ली बाल्कनीला 'विकणे आहे'चे फलक लागलेत आणि पावसाने फोन नंबरातले दोन-दोन आकडे धुऊन नेलेत. मालक भाव उतरवत नाही, कारण शेजारच्याने तीन वर्षांपूर्वी अमुक भावाला विकलं असं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, थांबू या, अजून उतरेल. दोघेही निवांत थांबतात आणि मधल्या मध्ये एजंटचं पेट्रोल जळतं.

अशा दिवसांत एक दिवस सर्जेराव माझ्याकडे आला.

सर्जेराव नेसरीचा, म्हणजे माझ्या माहेरचा. सख्खा नव्हे, आमच्या गल्लीतला भाऊ. मला आक्का म्हणतो. त्याने सगळी नोकरी बिद्रीला साखर कारखान्यात वजनकाट्यावर काढली. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर आला की सर्जेराव आकडा सांगणार आणि त्या आकड्यापुढे कुणाचं काही चालणार नाही, असं जन्मभर चाललं. त्यामुळे आकड्यावर त्याचा भारी विश्वास. निवृत्त झाल्यावर कारखान्याचं क्वार्टर सोडून तो आणि त्याची बायको मंगल कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. त्या खोल्या मीच बघून दिल्या होत्या. मुलगी लग्न होऊन गेलेली, तेव्हा दोघंच. स्वतःचं घर असं त्यांना कधी नव्हतंच. नोकरीच्या शेवटी जे पैसे हातात आले त्यातून एक लहानसं घर घ्यायचं, एवढंच मंगलचं म्हणणं होतं. मी तिची गावाकडची नणंद, म्हणून ती मला वन्सं म्हणते. पहिल्या दिवसापासून तिचं टुमणं चालू होतं, "वन्सं, लई मोठं नगं. मागं थोडी जागा असू दे, बास."

त्या दिवशी सर्जेराव एकटाच आला होता.

"आक्का, एक घर बगायचंय."

"चल की. मंगलला आण, आत्ता दाखवते."

"तिचं काय काम? ऱ्हायला न्हाय घ्यायचं. विकायला घ्यायचंय."

मला वाटलं, उन्हातून आलाय, पाणी द्यावं. पण त्याने खिशातून फोन काढला आणि मला एक व्हिडिओ दाखवला. कोट घातलेला एक तरणा माणूस एका कळकट घरात शिरत होता. मग तो चुटकी वाजवत होता आणि तेच घर झगमगीत होत होतं. मग पुन्हा चुटकी, आणि दारात नवा मालक हार घालून उभा.

"जुनं घर घ्यायचं, तीन म्हैन्यात चकाचक करायचं, सा म्हैन्यात विकायचं," सर्जेराव म्हणाला. "जो नफा हुईल त्यात मंगलला मोठं घर घेतो की मग. तिला सांगू नगंस, आत्ताच."

"अरे, मार्केट थंड पडलंय."

"थंड पडलंय म्हणूनच स्वस्तात गावंल की!"

"तू स्वस्तात घेशील. पण तुझ्याकडनं महागात घेणारा त्योबी ह्याच थंड मार्केटातनं येणार न्हवं?"

यावर तो हसला. काट्यावर वजन कमी भरलं म्हणून भांडायला आलेल्या माणसाकडे बघून तो असाच हसत असणार. आणि खरं सांगायचं तर मी त्याला सांगितलं, पण किल्ली हुडकत सांगितलं. त्या वेळी चार महिने माझ्या हातून एकही व्यवहार झाला नव्हता. सांगितलं नव्हतंस, असं पुढे कुणी म्हणू नये एवढ्यापुरतंच ते सांगणं होतं. सर्जेरावने सगळी पुंजी या एका घरात घातली, आणि ते घर त्याला मी दाखवलं, हे मला आजही टोचतं.

घर मात्र गोड होतं. आतल्या गल्लीत, बैठं, तीन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला लागून मोरी. मागे परडं, त्यात धुण्याचा दगड, एक चूल आणि कढीपत्त्याचं झाड. मालक मुलाकडे पुण्याला गेलेले. किल्ली लावली तेव्हाच माझ्या मनात आलं की हे मंगलचं घर आहे. आणि ते मी तिच्या नवऱ्याला दुसऱ्याला विकण्यासाठी घेऊन दिलं.

कामाला मी शौकत मिस्त्रींचं नाव सुचवलं. त्यांच्या घरात वडील-आजोबांपासून गवंडीकाम आहे आणि त्यांनी बांधलेल्या भिंतीला मी कधी भेग बघितलेली नाही. पण या खेपेला त्यांना बांधायचं कमी आणि पाडायचं जास्त होतं. सर्जेराव फोन समोर धरून उभा राहायचा आणि त्या कोटवाल्याच्या घरात जे जे होतं ते ते सांगायचा. स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत गेली. मोरी गेली. धुण्याचा दगड आणि चूल उचलली, परड्यात फरशी घातली आणि तिच्यावर हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताची लॉन अंथरली. भिंतींना पावसाळी आभाळासारखा राखाडी रंग दिला. छतात रांगेने दिवे बसवले. कढीपत्ता वाचला, तो शौकत मिस्त्रींनी 'दिसला न्हाई' म्हणून सोडला म्हणून.

"वैनी, मी परत परत इचारलं," मिस्त्री नंतर मला सांगत होते. "मोरी काढू? काढा. दगड काढू? काढा. भिंत काढू? काढा. आणि एकदा इचारलं असतं तर मलाच काढलं असतं. आणि त्या लॉनला तर शेळीसुदिक तोंड लावणार न्हाई."

काम झाल्यावर सर्जेरावने मंगलला घर दाखवायला आणलं. तोवर तिला कळलंच होतं, अशा गोष्टी किती दिवस लपणार? ती आली, सगळीकडे फिरली आणि स्वयंपाकघरात, म्हणजे जिथे पूर्वी स्वयंपाकघर होतं तिथे, येऊन थांबली.

"भित कुठं गेली?"

"काढली. आता अशीच फॅशन हाय."

"मिरची भाजली की ठसका कुठं जाणार?"

"आपल्याला कुठं हितं भाजायचीय?" सर्जेराव म्हणाला.

"आपल्याला न्हाय. पण जो घेणार त्यो काय मिरची भाजणार न्हाय?"

सर्जेराव छतातले दिवे लावून बघू लागला. त्याच्या आकड्यांत हे कुठे बसत नव्हतं. वर्षाचं मसाल्याचं तिखट, आमची चटणी, ज्या घरात होणार नाही ते घर कोल्हापुरात कोण घेईल, हे त्या कोटवाल्याला कुठून माहीत असणार? पण हा तर आमचाच माणूस. तिखटावर वाढलेला.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी ते घर किती जणांना दाखवलं ते मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक जण आत आला की 'वा!' म्हणायचा. बायका मात्र ओट्यापाशी यायच्या, हात टेकवायला उचलायच्या आणि मागे वळून हॉलमधल्या सोफ्याकडे बघायच्या. हात तसाच खाली यायचा. एक बाई तर बाहेर पडताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "रविवारी मटण शिजवलं तर म्हैनाभर पावण्याला सोफ्यावर बसवता यायचं न्हाय ओ." दुसरीने मोरी विचारली. मोरी नाही म्हटल्यावर तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते की काय, ती हसत होती.

त्यातले एक निवृत्त शिक्षक मात्र मनापासून आले होते. दारात चपला काढून आले, नळ सोडून बघितला, खिडक्या उघडून बघितल्या. जाताना त्यांनी विचारलं, "का विकताय?"

मी सर्जेरावला काहीच शिकवलं नव्हतं. शिकवणार काय? त्याच्याकडे सांगण्यासारखं खरं काहीच नव्हतं.

"विकायलाच घेतलंय की," सर्जेराव ऐटीत म्हणाला.

"म्हणजे, राहिलं कोण आहे यात?"

"कोण न्हाय. नवं कोरं हाय सगळं."

"पावसाळ्यात भिंत ओली होते का?"

"म्हाईत न्हाय."

"पाणी किती वेळ येतं?"

"ते बगावं लागंल."

मास्तरांनी चपला घातल्या. "घर चांगलं आहे हो," ते मला म्हणाले, "पण यांनाच ते माहीत नाही." त्या माणसाने पंधरा मिनिटांत जे ओळखलं, ते मला धंद्यात एवढी वर्षं काढून शब्दांत सांगता आलं नसतं. लोक घर विकत घेतात तेव्हा त्यात आधी राहिलेल्या माणसांची साक्ष मागतात. इथे साक्षीला कुणी नव्हतं.

त्याच दिवशी मी सर्जेरावला म्हटलं, "गाशा गुंडाळ आणि ऱ्हायला ये हितं. निदान नळाला पाणी कवा येतंय ते तरी सांगता येईल. भाडंबी वाचंल." भाडं वाचेल हे त्याला पटलं. पैसे सगळे त्या घरात अडकलेले, वर खर्च चालूच. त्यासाठी त्याने जवळच्या एका कोचिंग क्लासात नोकरीही धरली होती. काट्यावरचा साहेब आता पोरांच्या हजेरीची कार्डं तपासत होता.

पाडव्याला दोघं तिथे राहायला आली.

उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक घेऊन मी सकाळी दहाला गेले. गल्लीच्या तोंडापासूनच नाकात काहीतरी झोंबू लागलं. घरापाशी पोचले तर सर्जेराव राखाडी भिंतीला धरून रस्त्यावर खोकत उभा, डोळे लालभडक. आजूबाजूच्या चार घरांतून खोकल्याचे आवाज येत होते. आत मंगल तोंडाला ओलं फडकं बांधून नव्या पांढऱ्या ओट्यावर वर्षाच्या चटणीच्या मिरच्या परतत होती. चुलीवर परड्यात परतल्या असत्या, पण चूल कुठे होती? आणि प्लॅस्टिकच्या लॉनवर शेगडी ठेवली तर लॉन पेटायची. माझं गिऱ्हाईक शिंकत शिंकत रिक्षात जाऊन बसलं ते पुन्हा उतरलंच नाही.

"आजच भाजायच्या हुत्या व्हय?" सर्जेराव ठसक्यातून ओरडला.

"मिरची आज वाळलीया," मंगल आतून म्हणाली. "गिऱ्हाईकाची वाट बगत मिरची थांबती काय?"

मला खोकून खोकून हसू येत होतं आणि हसून हसून खोकला. दुसऱ्या दिवशी सर्जेरावने स्वतः शौकत मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री आले ते हातगाड्यावर एक जड वस्तू घेऊन. मागचा धुण्याचा दगड. "टाकायला हात झाला न्हाई," ते म्हणाले, "माझ्या दारात पडलावता. आमच्या घरातली त्याच्यावर धुणं धूत हुती." भिंत पुन्हा उभी राहिली, मोरी आली, लॉन गुंडाळून गेली, मागे नवी चूल आली आणि दगड कढीपत्त्याजवळ आपल्या जागी बसला. ते सगळं करून घेताना मंगल मिस्त्रींच्या मागे उभी असायची. खिडकी दोन बोटं खाली घ्या, मोरीचा उतार तिकडून द्या. तिला घर बांधताना बघून मला फार बरं वाटायचं, आणि लगेच आठवायचं की हे विकायचं आहे.

पाऊस लागला. कुठल्या भिंतीला ओल येते ते मंगलला कळलं, तिने तीही दुरुस्त करून घेतली. पाणी सकाळी सहा ते साडेसात येतं, हे आता ती झोपेतही सांगू शकली असती.

श्रावणात विलास आणि सुरेखा आले. विलासचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे, सुरेखा एका दवाखान्यात नर्स. दोघांनी दारात चपला काढल्या. सुरेखा थेट आत गेली, ओट्यापाशी उभी राहिली आणि दोन्ही हात टेकवले. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"मिरची कुठं भाजता, मावशी?"

"मागं. चूल हाय," मंगल म्हणाली.

"ओल?"

"हुती. काढली. आता यायची न्हाय."

सुरेखा परड्यात गेली, दगडावर हात फिरवला, कढीपत्त्याचं एक पान तोडून हुंगलं. मला कळलं, घर गेलं. आणि मग तो प्रश्न आला. "का विकताय?"

या वेळी मी मंगलला तयार करून ठेवलं होतं. "गावाकडं जायचंय आता," ती म्हणाली, शाळेतल्या पोरीने कविता म्हणावी तशी. सुरेखाने मान हलवली. मी निःश्वास सोडला. तेवढ्यात सुरेखाने अगदी सहज विचारलं, "आणि देव कुठं मांडलेत तुम्ही? म्हंजे आमीबी तिथंच मांडू."

हे मी शिकवलं नव्हतं. हे शिकवायचं असतं असं मला माहीतच नव्हतं. मी दाखवलेल्या प्रत्येक राहत्या घरात देव कुठेतरी असतातच, फळीवर असोत नाही तर कपाटात.

"मांडलंच न्हाईत," मंगल म्हणाली. "क्वार्टर सोडलं तवा नेसरीला थोरल्या दिराकडं नेऊन ठेवलं. आपलं घर झालं की आणू म्हटलं हुतं. आता विकायच्या घरात देव कसं आणायचं?"

तिने तक्रार केली नाही. ओल कुठे होती हे ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात हेही सांगितलं. सर्जेराव दारात उभा होता. पाच महिने तो या घरात आंघोळ करून कॅलेंडरवरच्या अंबाबाईला हात जोडून कामाला जात होता. देव स्वतःच्या हाताने नेसरीला पोचवून आला होता तो, आणि विसरून गेला होता. मी विलासशी भाव ठरवत बसले.

आणि भाव ठरला! घातलेलं सगळं निघून वर थोडं उरत होतं. सहा महिन्यांचं वर्षावर गेलं होतं, तरी त्या थंड मार्केटात हे आक्रीतच म्हणायचं. गणपतीनंतर पितृपंधरवडा, त्यात कुणी विसाराचे आगाऊ पैसे देत नाही, म्हणून येत्या शुक्रवारी सकाळीच विसार द्यायचा ठरला. मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. मिस्टरांनी विचारलं, "व्यवहार मोडला काय?" मी म्हटलं, "न्हाय, जमला."

शुक्रवारी दहाला मी विलास-सुरेखाला घेऊन गेले. विलासच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. दाराला कुलूप.

शेजारची बाई अंगण झाडत होती. "कुणाला हुडकताय? ती दोघं पहाटंच्या गाडीनं नेसरीला गेली की. देव आणायला."

विलास म्हणाला, "अवो पण विसार..." सुरेखाने त्याचा दंड धरला. ती कुलपाकडे बघत होती. तिने त्या घरात मनाने केव्हाच भांडी लावली होती, ते मला दिसत होतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मग ती म्हणाली, "दुसरं दाखवा, मावशी. पण असंच, कुणीतरी ऱ्हायलेलं दाखवा." तिला तसं घर मी नंतर मिळवून दिलं, पण त्या सकाळी माझ्याकडे तिला द्यायला काहीही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मागे एसटीचा खडखडाट.

"आक्का, चिडलीस काय?"

"पावणं दारात उभं हाईत, सर्जेराव."

"माझ्या वतीनं हात जोड त्यांना. काय करू? काल मंगलला इचारलं, आपलं देव कवा आणायचं? तर म्हणाली, तुमचं घर एकदा विकू दे. तुमचं म्हणाली, आक्का. एवढं सगळं तिनं केलं आणि मला म्हणाली, तुमचं." जन्मभर काट्यावर बसलेला तो माणूस गाडीभर प्रवाशांसमोर रडत होता. "नफा न्हाय झाला तर न्हाय झाला. क्लासात अजून चार वर्सं बसतो की."

फोन कुणीतरी त्याच्या हातातून घेतला.

"वन्सं," मंगल म्हणाली. गाडीच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं. "देव माझ्या मांडीवर हाईत. सांजच्याला नैवेद्य करणार हाय, तुमी आणि भावजी दोघंबी जेवायला या. आमचं घर बगायला या."